‘असर’ची वाचनपट्टी: घरच्या घरी दहा मिनिटांत

जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल खरंच वाचतं का, हा प्रश्न पडलेल्या पालकांनी ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीतली वाचनचाचणी जरूर वापरावी. 2005 पासून वापरात असलेलं हे साधन मराठीतही फुकट मिळतं. त्यात चार पायऱ्या आहेत: अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा आणि दुसरीची गोष्ट.

सुरुवात उताऱ्यापासून करा. मूल सलग वाचत असेल तर गोष्ट द्या. शब्दाशब्दाला अडखळत असेल तर शब्दांवर या. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले की ती पायरी जमली. तिथेही अडलं तर अक्षरं, नियम तोच. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मोठ्यांनी मध्येच शब्द पुरवणं. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं तर तो बोलीचा उच्चार आहे, चूक धरू नका. पण ‘घर’ दिसताच ‘घरात’ म्हणणारं मूल अंदाजाने वाचतंय, तिकडे नीट लक्ष द्या. पाठ्यपुस्तकातला धडा चाचणीला घेऊ नका, तो पाठ असतो.

उणीव एकच, पण मोठी: या चार पायऱ्या आकलन तपासत नाहीत. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता अभियानाला तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द हवेत, तेही अर्थासह. म्हणून गोष्ट संपल्यावर “असं का झालं?” आणि “तू असतास तर काय केलं असतंस?” हे दोन प्रश्न आपणच जोडावेत.