बेडकाचं प्लास्टिक मॉडेल: पोट एक नंबर, तोंड बंद

अकरावी-बारावीच्या बायोलॉजीच्या ट्यूशनसाठी हे मॉडेल ऑनलाइन मागवलं, कुडाळात. फूटभर लांब बेडूक उताणा पडलेला, पोटावरचं झाकण निघतं, आतले अवयव सुटे आणि चुंबकावर बसणारे, खाली लाकडी बेस, प्रत्येक भागावर नंबर आणि सोबत एक चार्ट. दोन हजारांच्या आत मिळत होतं म्हणून जास्त विचार केला नाही. नीटच्या सिलॅबसमध्ये बेडूक आहे आणि खरा कापायचे दिवस कधीच गेले. यूजीसीने (विद्यापीठांच्या आयोगाने) 2011 मध्ये डिसेक्शन टप्प्याटप्प्याने कमी करा म्हणून सांगितलं, 2014 मध्ये तर बंदच करा म्हटलं, आणि चांगलंच झालं, तो मेणाचा ट्रे आणि त्या टाचण्या आठवल्या तरी नको वाटतं. फक्त त्यामुळे सगळी भिस्त मॉडेलवर येते, ते चुकलं की पोरं चुकीचंच पाठ करणार.

आधी चांगलं सांगते. हृदय खरंच छान केलंय. बाहेर काढलं की दोन भागात उघडतं, वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद पातळ भिंतींचे, खालचा एकच कप्पा म्हणजे निलय जाड भिंतीचा, आणि उलटं करून बघितलं तर पाठीमागे तो त्रिकोणी निळा सायनस व्हेनोसस पण आहे! स्वस्तातल्या मॉडेलमध्ये हा सरळ गाळून टाकतात, मग अशुद्ध रक्त आधी कुठे येतं ते पोरांना कळतच नाही. निलयाच्या आतल्या बाजूला उंचवटे पण दाखवलेत. त्यामुळे "एकाच कप्प्यात शुद्ध-अशुद्ध दोन्ही रक्त मिक्स होत नाही का" हा दरवर्षीचा प्रश्न आला की हातात देऊन सांगता येतं की होतं थोडंफार, पण ह्या उंचवट्यांमुळे आणि पुढच्या धमनीतल्या गोल फिरणाऱ्या पडद्यामुळे बरंचसं वेगवेगळं राहतं, शिवाय बेडूक कातडीतूनपण ऑक्सिजन घेतो त्यामुळे त्याचं भागतं.

पोटाचा बाकीचा भागही ठीक. यकृत मोठं, त्याच्यात अडकलेलं हिरवं पित्ताशय, जठर डावीकडे वळलेलं. मूत्रपिंडांच्या वर ते पिवळे मेदपिंड (चरबीचे साठे) आहेत, बोटं फुटल्यासारखे, पोरं दरवेळी त्यांनाच अंडाशय समजतात. उन्हाळ्यात बेडूक जमिनीत दडून बसतो तेव्हा हाच साठा त्याच्या कामाला येतो. बीजवाहिनी, म्हणजे अंडी बाहेर नेणारी नळी, तर शिरवाळ्यांसारखी गुंडाळलेली, बघूनच लक्षात राहते.

म्हणजे ही मादी आहे. आणि आता गंमत बघा, झाकण लावलं की बाहेरून हा बेडूक पिवळाधमक आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे स्वरकोश, म्हणजे आवाजाच्या पिशव्या! अहो, हा तर पहिल्या पावसातला नर झाला. आपल्या शेतातला मोठा बेडूक, पुस्तकात ज्याला पूर्वी राना टायग्रिना म्हणायचे आणि आता हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस म्हणतात, त्याचा नरच विणीच्या वेळी असा पिवळा होतो आणि स्वरकोशही नरालाच, मादी आपली तपकिरी-हिरवीच राहते. बनवणाऱ्याने फोटो बघून रंग दिला असणार. नराचे अवयव सुटे दिले असते तरी चाललं असतं, कारण नरात शुक्राणू मूत्रपिंडातून जातात आणि पुढे मूत्रवाहिनीतूनच अवस्करात (सगळं बाहेर टाकायच्या एकाच पोकळीत) येतात, तर मादीत दोन्ही वाटा वेगळ्या, आणि परीक्षेत विचारतात ते नेमकं हेच. ते मला फळ्यावर काढून दाखवावं लागतं.

पण माझी खरी तक्रार तोंडाची आहे. तोंड उघडतच नाही. एका तुकड्यात ओतलेलं आहे, फक्त ओठांच्या जागी एक काळी रेघ मारलीय. अरे, बेडूक म्हणजे अर्धा तर तोंडातच असतो! जीभ पुढून चिकटलेली आणि मागून सुटी, म्हणून ती आतून बाहेर पलटते. वरच्या जबड्याला बारीक दात, टाळूला आणखी दोन ठिकाणी दात, खालच्या जबड्याला एकही नाही. डोळ्यांखाली हाडाचा तळ नाही त्यामुळे गिळताना डोळे खाली तोंडात दाबले जातात आणि घास ढकलला जातो. श्वासाचंही तेच, बरगड्या नाहीत, श्वासपटल नाही, तोंडाचा तळ खालीवर करून हवा फुफ्फुसात पंप करायची. एवढी सगळी मजा त्या एका काळ्या रेघेच्या मागे. "बाई, बेडकाक दात असतत?" असं पोराने विचारलं तर मी त्याला काय दाखवू? तेवढ्यात दुसरीने विचारलं की आंबोलीच्या टोडला (खरखरीत कातडीच्या भेकाला) पण असतात का, तर नाही, टोडांना दात नसतात, पण आधी बेडकाचे दाखवता आले तर फरक कळणार ना. शेवटी पोरांना सांगितलं, संध्याकाळी शेताच्या बांधावर जा, पकडू नका, लांबूनच मोबाईलवर गळ्याचा व्हिडिओ घ्या. तो व्हिडिओ स्लो करून बघितला की तोंडाचा पंप लगेच कळतो, मॉडेलची गरजच नाही.

आणखी दोन गोष्टी. चार्टवर पित्ताशयाच्या नंबरासमोर प्लीहा (पानथरी) लिहिलंय आणि प्लीहेसमोर पित्ताशय, पेनाने खोडून नीट करून घ्या. दुसरं म्हणजे चुंबक. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत एका पावसाळ्यात चुंबकांना गंज चढला, यकृत लावताना बोटाला तांबूस भुकटी लागते आणि जठर तर आता हात लागला की गळून पडतं. बेसला बुरशी आली ती वेगळी. विक्रेत्याला फोटो पाठवले तर "कोरड्या जागी ठेवा" असं उत्तर आलं, जुलैत कोकणात कोरडी जागा दाखव बाबा. मी चुंबकांना नेलपॉलिशचा हात मारलाय, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, सध्या टिकलंय.

तर पाचपैकी तीन स्टार. हृदय आणि पोट शिकवायचं असेल तर पैसे वसूल आहेत. शाळेसाठी घेत असाल तर थोडे जास्त घाला पण जबडा उघडणारंच घ्या, ऑर्डर करायच्या आधी विक्रेत्याकडून तोंडाचा फोटो मागून घ्या. आणि पत्ता बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानाचा द्या, कुरिअरवाला वाडीपर्यंत येत नाही.