वर्गातल्या प्रोजेक्टरला कोणती केबल घ्यावी: व्हीजीए, एचडीएमआय की टाइप-सी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत रंगरंगोटी आणि वायरिंगची कामं निघतात. केबलचा निर्णय तेव्हाच घ्यावा. भिंतीवर प्लास्टर चढल्यावर केबल बदलायची म्हणजे पुन्हा छिन्नी-हातोडा.

व्हीजीए १९८७ पासूनची. १५ पिना, बाजूला दोन स्क्रू. स्क्रू आवळले की ती सहसा निघत नाही, हा तिचा मोठा गुण. पण सिग्नल अॅनालॉग, त्यामुळे केबल लांबली की अक्षरांना सावली पडते. इंग्रजी त्यातही वाचता येतं. मराठीत मात्र अनुस्वार आणि रफार पुसट होतात आणि मागच्या बाकावरच्या मुलाला ‘वर्ग’ आहे की ‘वग’ ते कळत नाही. शिवाय आवाजासाठी वेगळी वायर लागते. तरीही १०२४ × ७६८ पिक्सेलचा जुना प्रोजेक्टर पाच मीटरवर नीट चालत असेल, तर आहे तीच केबल राहू द्या. तो पैसा खिडक्यांच्या पडद्यांना लावला तर चित्र जास्त उठून दिसेल.

नव्या खोलीसाठी मी एचडीएमआयच सांगेन. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जातात, अक्षरं ठसठशीत दिसतात. फुल एचडीसाठी साधारण दहा मीटरपर्यंत चांगली तांब्याची केबल पुरते. त्यापुढे चित्र मधूनच काळं होतं किंवा पांढरे ठिपके चमकतात. मोठ्या हॉलमध्ये कॅट-६ वायरीवर (नेटवर्कसाठी वापरतात ती) चालणारा एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल लांब पोचवणारं यंत्र, बसवा. त्याला वीज लागते, म्हणून तो यूपीएसवर घ्या. पत्र्याखाली अगदी छताला चिकटवू नका, भुसावळचा मे महिना लक्षात ठेवा. आणखी एक, विजेच्या बारीक पाइपातून एचडीएमआयचं तोंड जात नाही आणि ते कापून परत जोडणं जमण्यासारखं नाही. पाइप रुंदच टाकायला सांगा.

टाइप-सी सोयीची, पण तिच्यावर वर्ग अवलंबून ठेवू नये. बऱ्याच लॅपटॉपचं ते सॉकेट फक्त चार्जिंग आणि डेटापुरतं असतं. माहितीपत्रकात त्या पोर्टपुढे ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘थंडरबोल्ट’ लिहिलंय का ते पाहा.

कन्व्हर्टर घेताना दिशा नीट सांगा. लॅपटॉपची एचडीएमआय जुन्या प्रोजेक्टरच्या व्हीजीएला जोडणारा वेगळा आणि जुन्या कॉम्प्युटरची व्हीजीए नव्या डिजिटल पॅनेलच्या (फळ्यासारख्या मोठ्या स्क्रीनच्या) एचडीएमआयला जोडणारा वेगळा. एकाचं काम दुसरा करत नाही, दुकानात मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

केबल पाइपात ओढण्याआधी पूर्ण लांबीची जमिनीवर पसरा, दोन्ही टोकं जोडा, विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा आणि आवाजासकट एक व्हिडिओ अर्धा तास चालवून बघा. दुकानदार तेवढ्यात बदलून देतो.