नसबंदी झालेल्या बोक्याचं ड्राय फूड: माल चांगला, पिशवीवरच्या तक्त्याच्या नादी लागू नका

अलकापुरीतल्या पेट शॉपमधून 'स्टरिलाइज्ड' लिहिलेली पिशवी आणतोय सध्या, कंपनीचं नाव मुद्दाम नाही घेत. आमचा बोका ऑपरेशननंतर असा काही सुटला की दांडिया बाजारातल्या शेजारच्या काकू म्हणायला लागल्या, खात्यापित्या घरचा दिसतो हो!

दाणे मोठे न् कडक, त्यामुळे गपागप गिळता येत नाही, कडाकडा चावत बसतो वाटीशी. १०० ग्रॅमला ३७० कॅलरी, फॅट कमी, फायबर जास्त. झिपलॉक मात्र अगदीच बेकार, बडोद्याच्या पावसाळ्यात दाणे सादळतात, सरळ स्टीलच्या डब्यात ओता.

आता हे वेगळं फूड लागतंच कशाला? तर नसबंदीनंतर टेस्टोस्टेरॉन (मादीत इस्ट्रोजेन) पार खाली येतं, आणि भुकेवर वचक ठेवायचं काम हेच हार्मोन करत असतात, त्यामुळे खाखा सुटते आणि नेमकी त्याच वेळी शरीराची गरज घटते, रात्रीचं भटकणं-मारामाऱ्या बंद होतात ते वेगळंच. शेतकऱ्यांना हे पूर्वीपासून माहितीये, खच्ची केलेला बैल वळूपेक्षा लवकर चरबी धरतो.

आमच्या डॉक्टरांनी हिशोब लिहून दिला. ४ किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायला साधारण २०० कॅलरी लागतात, नसबंदी नसेल तर त्याच्या १.४ पट द्यायचं, झाली असेल तर १.२ पट, म्हणजे २८० च्या जागी २४०. फरक ४० कॅलरींचा, या फूडचे जेमतेम ११ ग्रॅम! काट्यावर ठेवून बघितले, तळहाताचा खळगासुद्धा भरत नाही, पण रोज जास्त गेले की तेच पोटाखाली लोंबायला लागतं, पुढे डायबेटिसची भीती. आणि पिशवीवरचा तक्ता आजच्या वजनावर माप सांगतो, म्हणजे बोका जेवढा जाड तेवढं जास्त वाढा, काय डोकं लावलंय! डॉक्टर जे वजन असायला हवं त्यावर मोजतात. वजन उतरवायचं म्हणून सध्या २०० कॅलरी, म्हणजे ५४ ग्रॅम, दिवसभरात वाटून. एकदम उपाशी ठेवू नका हं, जाड मांजराने खाणं सोडलं तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

वजन हळूहळू उतरतंय, फासळ्या हाताला लागायला लागल्यात. आजीची दुधाची साय बंद केल्याचं श्रेय पण त्यात धरा. महाग आहे, तरी परत घेणार. ५ पैकी साडेतीन, एक तक्त्याचा कापला, अर्धा झिपलॉकचा.