वापरलेली झिऑन जोडी आणि हीटसिंकचे चार नट : काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रोसेसरबद्दल माझी एकही तक्रार नाही, हे आधीच सांगतो. राग आहे तो बसवण्याच्या पद्धतीवर. या लिखाणातला बराचसा भाग हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) चार नटांवरच खर्च होणार आहे, कारण त्या नटांपायी आमचा धडधाकट मदरबोर्ड भंगारात जायची वेळ आली होती.

सर्व्हर २यू (रॅकमध्ये दोन खणांच्या उंचीचा), दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर बसणारा; सॉकेटचा प्रकार एलजीए ३६४७. मूळचे प्रोसेसर इंटेलचे झिऑन सिल्व्हर ४११४. त्यातल्या एकाने मशीन चेक एरर (प्रोसेसरने स्वतःच नोंदवलेला हार्डवेअरचा दोष) द्यायला सुरुवात केली आणि मशीन मनाला येईल तेव्हा रीस्टार्ट होऊ लागलं. दोन्ही सॉकेटांत एकच मॉडेल लागतं, म्हणून जोडीच बदलायचं ठरवलं. वापरलेले गोल्ड ६२४८ परवडत होते : १० ऐवजी २० कोर, आणि रॅमचा वेग २४०० वरून २९३३ पर्यंत न्यायची सोय. नवाकोरा सर्व्हर घेण्याच्या मानाने हा खर्च किरकोळ.

६२४८ हा २०१९ चा, दुसऱ्या पिढीचा. आमचा बोर्ड २०१७ च्या पहिल्या पिढीबरोबरचा. अशा वेळी जुने प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्यायचं. आधी प्रोसेसर बदलला तर मशीन उठतच नाही आणि जुना परत बसवण्याचा उपद्व्याप करावा लागतो. शिवाय ४११४ हा ८५ वॉटचा, ६२४८ हा १५० वॉटचा. कोणत्या वॉटेजला कोणता हीटसिंक हे सर्व्हरच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते पाहूनच घ्या.

बसवायला देखभालीचा करार असलेल्या कंपनीचा इंजिनियर आला. त्याने साध्या टॉर्क्स पान्याने एकेक नट पूर्ण आवळला आणि मग पुढच्याला हात घातला. मशीन सुरू झालं, ४० कोर दिसले, पण दुसऱ्या प्रोसेसरच्या एका चॅनलवरची (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या एका मार्गावरची) रॅम गायब. त्याने स्टिक बदलून पाहिली, स्लॉट तसाच मेलेला. लगेच निकाल : ‘बोर्ड गेला, बदलावा लागेल.’ कोटेशन दुसऱ्या दिवशी ईमेलमध्ये हजर. प्रोसेसर काढून सॉकेट पाहिलं का, असं मी फोनवर विचारलं, तर ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर मिळालं. गरज असते, आणि ती का असते तेच पुढे लिहितो.

जुन्या एलजीए २०११ मध्ये प्रोसेसर दाबून धरणारी लिव्हरची चौकट वेगळी आणि हीटसिंक वेगळा. हीटसिंक थोडा तिरका बसला तर तापमान वाढायचं, पण पिनांचा संपर्क शाबूत राहायचा. ३६४७ मध्ये ती चौकट नाही. प्रोसेसर प्लॅस्टिकच्या कॅरियरमध्ये अडकतो, कॅरियर हीटसिंकला, आणि हा सगळा संच एकत्र सॉकेटवर उतरतो. ३६४७ पिनांवर प्रोसेसर दाबायचं काम हेच नट करतात. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की समोरचा किंचित उचलला जातो. तिथल्या पिना रॅमच्या एखाद्या चॅनलच्या असतील, तर ते चॅनल दिसतच नाही. बोर्ड ठणठणीत, रॅम ठणठणीत, आणि तरी स्लॉट मेलेला.

टी-३० बिटचा टॉर्क ड्रायव्हर मागवला. चार नटांसाठी एवढं महागडं हत्यार कशाला, असं तेव्हा फार वाटलं होतं. आता विचाराल तर या सगळ्या खरेदीतली सर्वात वसूल झालेली वस्तू तीच. आमच्या हीटसिंकला १२ इंच-पाउंड, म्हणजे साधारण १.४ न्यूटन-मीटर लागतं. तेवढा जोर झाला की ड्रायव्हर ‘कट्’ करतो, तिथे थांबायचं.

सर्व्हर बंद केला आणि दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल काढल्या. एकच काढली तर बोर्डावर स्टँडबाय वीज राहते. पॉवर बटण दाबून उरलासुरला चार्ज जाऊ दिला, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधला. नट उलट्या क्रमाने सोडवून हीटसिंक सरळ वर उचलला, आणि पुरावा समोर आला : एका कडेला पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारा लेप) इतकी दबलेली की खालचा धातू दिसत होता, समोरच्या कोपऱ्यात जाड थर तसाच. टॉर्च तिरका धरून सॉकेट पाहिलं. पिनांच्या ओळी कुठेही न तुटता एकसारख्या चमकत होत्या. वाकलेली पिन असती तर तिथे ओळीत खंड दिसला असता. पिनांना बोट किंवा कापड अजिबात लावू नका, पाहून होताच वर झाकण ठेवा.

कॅरियरच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर हलकेच फिरवून प्रोसेसर सुटा केला, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसले, नवी पेस्ट लावली. प्रोसेसरवरचा सोनेरी त्रिकोण आणि कॅरियरवरचा त्रिकोण एकाच कोपऱ्यात आले पाहिजेत. सॉकेटच्या मार्गदर्शक खुंट्या वेगवेगळ्या जाडीच्या असतात, त्यामुळे संच एकाच दिशेने बसतो. बसत नसेल तर दाबू नका, उचलून पुन्हा पाहा. मग लेबलवरच्या आकड्यांच्या क्रमाने चारही नट आधी नुसते धरेपर्यंत, नंतर त्याच क्रमाने ‘कट्’ होईपर्यंत.

पहिल्यांदा सुरू करताना रॅमच्या ट्रेनिंगमुळे (मशीन रॅमशी जुळवून घेत असल्यामुळे) स्क्रीन बराच वेळ काळीच राहते, तेव्हा घाबरून वीज तोडू नका. आमची सगळी रॅम परत आली. बोर्डाचं कोटेशन मी लॉगच्या प्रतीसह परत पाठवलं आणि करारात टॉर्क ड्रायव्हरची अट लिहून घेतली.

तेव्हापासून मशीन चेक एरर नाही, मेमरी एरर नाही. पंख्यांबद्दल मात्र माझं मत मध्येच बदललं. सुरुवातीला वाढलेल्या आवाजाचा त्रास वाटायचा आणि बायोसमध्ये वेग कमी करायचा मोह होत होता. पण रात्रीच्या बॅकअपला सगळे कोर राबत असतानाचं तापमान पाहिलं आणि आहे ती सेटिंग योग्य असल्याचं पटलं. १५० वॉटच्या दोन प्रोसेसरांना तेवढी हवा लागणारच. हवा वळवणारं प्लॅस्टिकचं आवरण परत बसवलंय ना, एवढं झाकण लावण्याआधी बघा.

एएमडीचे एपिक प्रोसेसर वापरणाऱ्यांसाठी : एसपी३ सॉकेटला दाब चौकटीचे तीन टी-२० स्क्रू देतात, १-२-३ या क्रमाने, आणि तिथेही असमान आवळलं तर रॅमचे चॅनल असेच गळतात. वापरलेला एपिक घेताना तो एखाद्या कंपनीच्या बोर्डाला कायमचा लॉक झालेला नाही ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. लॉक झालेला असेल तर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर तो चालणार नाही.