कोल्हापुरात गेमिंगसाठी नेट घ्यायचंय? केबलवाल्याची फायबर, कंपनीची फायबर की छतावरचं ५जी

राजारामपुरीतल्या खांबांवरच्या जाहिराती वाचल्या तर इंटरनेट म्हणजे फक्त एक आकडा असतो: १००, २००, ३०० एमबीपीएस. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यानं हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. व्हॅलोरंट, सीएस२ किंवा बीजीएमआय यांसारखे गोळीबाराचे गेम चालू असताना साधारण १ एमबीपीएसच्या आसपास डेटा पुरतो. सर्व्हरकडून चित्र येतच नसतं. नकाशा, बंदुका, आवाज आधीच तुमच्या मशीनमध्ये उतरलेले असतात. येतात ते बारीक निरोप: अमका इथं आहे, तमक्यानं गोळी झाडली. मोठा स्पीड कामाला येतो तो अपडेटच्या दिवशी. ४० जीबीचं अपडेट १०० एमबीपीएसवर तासाभरात उतरतं, ४० एमबीपीएसवर सव्वादोन तास घेतं. रात्री लावून झोपलात तर दोन्ही सारखंच.

मॅच घालवतात त्या गोष्टी वेगळ्या: पिंग म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारे मिलिसेकंद, पिंगमधली चढउतार म्हणजे जिटर, आणि वाटेत हरवणारी पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे. यातलं पिंग अंतरावर ठरतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे किलोमीटरची तार धरली तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंदही लागत नाहीत; बाकीचा वेळ राउटर आणि वळसे खातात. व्हॅलोरंट आणि सीएस२ या दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे चांगल्या फायबरवर कोल्हापुरात १५ ते २५ पिंग मागणं काही जास्तीचं नाही. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत ३९०० किलोमीटरच्या आसपास. तिथल्या सर्व्हरवर ४० च्या खाली कुणीच जाणार नाही, प्लॅन कितीही महागाचा घ्या.

माझ्या मते पिंगपेक्षा जिटर जास्त घातक. वेगवान गेम सहसा यूडीपीवर चालतात, म्हणजे हरवलेलं पॅकेट परत मागत बसत नाहीत. ते येईपर्यंत शिळं झालेलं असतं. मधली फट गेम अंदाजानं भरून काढतो. ही युक्ती १९९६ च्या क्वेकवर्ल्ड या गेमनं रूढ केली आणि आजही तीच चालते. पिंग एकसारखं ४० असेल तर अंदाज जमतो आणि हातालाही सवय होते. तेच २० वरून अधूनमधून १५० वर उडणारं असेल तर समोरचा जागच्या जागी उड्या मारताना दिसतो आणि तुम्ही भिंतीआड पोहोचल्यावर मरता. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो. १५० मिलिसेकंदांच्या एका झटक्यात असे एकोणीस हिशेब तुमच्याशिवाय होऊन जातात.

केबलवाला की कंपनी

खरी निवड इथं आहे, आणि ती गल्लीगणिक बदलते.

केबलवाल्याचं मोठं भांडवल म्हणजे तो स्वतः. तार तुटली की फोन थेट त्यालाच, आणि संध्याकाळपर्यंत पोरगं मोटारसायकलवरून जोडणीचं मशीन घेऊन हजर. पैसेही बहुधा कमी. कंपनीकडे तक्रार नोंदवली की नंबर मिळतो, मेसेज येतो, आणि माणूस कधी येणार ते त्या मेसेजमध्ये नसतं. महापालिकेनं रस्ता उकरला की तार दोघांचीही तुटते, पण जोडून देण्यात केबलवाला पुढे.

खेळात मात्र पारडं बऱ्याचदा उलटं झुकतं. केबलवाला वरून बँडविड्थ विकत घेतो आणि वाटतो. रात्री आठ ते अकरा, सगळी पेठ मोबाइल आणि टीव्हीवर असताना, ती कमी पडली की आधी पिंग उडतं. दिवसा स्पीड टेस्ट झकास येते, म्हणून ती बघून कुणी कनेक्शन घेऊ नये. दुसरी भानगड रस्त्याची: काहींची वाहतूक मुंबईला थेट न जाता चेन्नई किंवा बंगळूरला वळसा घालते आणि फुकट वीस-तीस मिलिसेकंद वाढतात. त्याच केबलवाल्याचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री साडेनऊला जाऊन बसा. कॉम्प्युटरवर पिंगची कमांड पाच मिनिटं सोडा आणि गेममध्येही मुंबई सर्व्हरचा आकडा बघा. सरासरीकडे नको, सगळ्यात वाईट आकडा कोणता आणि ‘टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तरच आलं नाही, असं किती वेळा आलं ते बघा.

लाइट गेल्यावरचा फरकही लक्षात घ्या. घरच्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की तुमच्या बाजूचं काम झालं, पण मधला डबा? जीपॉन नावाच्या फायबर पद्धतीत एक्स्चेंजपासून घरापर्यंत फक्त तार वाटून देणारे काचेचे स्प्लिटर असतात, त्यांना वीज लागत नाही. जुन्या धाटणीच्या केबलवाल्याचा मात्र कुणाच्या तरी गच्चीवर विजेवरचा स्विच असतो. त्या गल्लीची लाइट गेली की तुमचा यूपीएस नुसता बघत बसतो. आता पुष्कळ केबलवाल्यांनीही जीपॉन टाकलंय, तेव्हा आधी विचारून घ्यावं.

तिसरी गोष्ट सीजीनॅट. जगातले जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर घर ओळखायचे आकडे, केव्हाच संपले, त्यामुळे एकाच पत्त्यामागे शेकडो घरं बसवली जातात. राउटरमध्ये वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानंही सुरू होत असेल तर तुम्हीही त्यात आलात. व्हॅलोरंट किंवा बीजीएमआय खेळणाऱ्याला यानं काही फरक पडत नाही, कारण ते गेम कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात. पण टेकेन ८ किंवा जीटीए ऑनलाइनमध्ये खेळाडूंची मशीन एकमेकांशी थेट जोडली जातात, आणि मित्रांसाठी घरीच माइनक्राफ्टचा सर्व्हर उघडायचा असेल तर बाहेरच्याला तुमचं दार सापडतच नाही. मोठ्या कंपन्याही सीजीनॅट वापरतात, फक्त त्यांच्याकडे जोडीला आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, असण्याची शक्यता जास्त. केबलवाला महिन्याला थोडे जादा घेऊन स्वतंत्र आयपी देतो का, हे विचारायला लाजू नका.

छतावरचं ५जी आणि मोबाइल

देशात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या पुढच्या वर्षी छतावर अँटेना लावून घरात नेट देणं आलं. पाचगाव किंवा कळंब्याच्या पुढच्या नव्या कॉलनीत, पन्हाळा रोडला शेतातल्या घरात जिथं खांबच पोहोचलेला नाही, तिथं हा चांगला पर्याय. शहरात फायबर मिळत असताना घेऊ नका. टॉवरची हवा सगळ्यांत वाटली जाते, प्रत्येकाला बोलायची पाळी टॉवर देतो, आणि बिघडलेला तुकडा हवेतून परत पाठवावा लागतो. सरासरी पिंग ३०-४० छान दिसेल, पण झटके बसतातच. भारतात ५जीचा बराचसा भाग ३.३ गिगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतो, तो जाड भिंतीतून नीट शिरत नाही. म्हणून अँटेना बाहेर, टॉवरच्या तोंडाला.

मोबाइलचं हॉटस्पॉट याहून डावं. पूर आला तेव्हाची गोष्ट सोडा. २०१९ आणि २०२१ सारखं पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं की तारेचा भरवसा राहत नाही, तेव्हा हॉटस्पॉटच हाताशी असतो.

घरातला शेवटचा दहा फुटांचा रस्ता

हजार रुपये जादा मोजून वरचा प्लॅन घेणाऱ्यांना मला नेहमी सांगावंसं वाटतं, भावा, आधी राउटरपासून पीसीपर्यंत कॅट ६ ची नेटवर्क तार ओढ. शंभर मीटरपर्यंत ती चालते आणि खर्च एकदाच. शिवाजी पेठेत घराला घर चिकटलेलं, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यांवर सगळी गल्ली. मोबाइलवर खेळत असाल तर निदान ५ गिगाहर्ट्झवर जोडा आणि राउटरच्याच खोलीत बसा.

तार असूनही घरात कुणी व्हिडिओ अपलोड करायला घेतला की पिंग चढतं, कारण राउटर सगळी पॅकेटं एकाच रांगेत उभी करतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर एक ग्लास प्यायला आलेला माणूस कॅन भरून नेणाऱ्याच्या मागे अडकावा, तसं. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम, म्हणजे ही रांग नीट लावायची सोय, असेल तर ते चालू करून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवा. चांगला एसक्यूएम असलेला राउटर दुप्पट स्पीडच्या प्लॅनपेक्षा जास्त कामाचा.

गेमिंग कॅफेचं थोडक्यात: पीसीच नसेल तर आधी तिथं तासावर खेळून बघा. एकाच स्विचवरच्या मशीनमध्ये पिंग १ मिलिसेकंदाच्याही आत असतं, १९९३ च्या डूमपासून लॅनची मजा तीच. पण कॅफेत बसून ऑनलाइन रँक चढवायची असेल तर त्यांचंही नेट शेवटी कुणा केबलवाल्याचं किंवा कंपनीचंच, तेव्हा रात्री साडेनऊची परीक्षा तिथंही लावा.

माझा कौल असा. राजारामपुरी, ताराबाई पार्क, शाहूपुरीत दोन्ही फायबर मिळत असतील आणि नुसतं व्हॅलोरंट-सीएस२ खेळायचं असेल तर कंपनीची घ्या, सगळ्यात छोट्या प्लॅनवर. शेजाऱ्याकडची परीक्षा केबलवाला पास झाला तर मात्र त्याचीच. बिघाड झाल्यावर शनिवारच्या रात्री फोन उचलणारा तोच. मित्रांसाठी सर्व्हर चालवायचाय तर जो स्वतंत्र आयपी देईल त्याच्याकडे जा. आणि सहा महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास राउटर फुकट, असं कुणी म्हणालं तर पहिला महिना सुटा भरा, राउटर आपला आणा.