भागीदारी की परवाना? परदेशी तंत्रज्ञान घेऊ पाहणाऱ्या गोव्यातील कारखानदारासाठी

परदेशी कंपनीचे तंत्रज्ञान गोव्यात आणायचे ठरले की मध्यम कारखानदारासमोर सहसा दोनच वाटा उरतात. तिला आपल्या भागभांडवलात घेऊन संयुक्त उपक्रम उभारायचा, किंवा भांडवल आपलेच ठेवून तिच्याकडून ठरावीक मुदतीचा उत्पादन परवाना घ्यायचा आणि विक्रीवर रॉयल्टी मोजायची. कुंडई औद्योगिक वसाहतीतील माझ्या कारखान्याने आधी पहिली वाट धरली आणि पुढे, दुसऱ्या कंपनीबरोबर, दुसरी. त्यामुळे पुढील मते अगदी तटस्थ आहेत असा माझा दावा नाही.

पैशाच्या बाबतीत संयुक्त उपक्रम उजवा, हे मान्य करायला हवे. बहुतेक उत्पादन क्षेत्रांत शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला स्वयंचलित मार्गाने, म्हणजे सरकारची पूर्वपरवानगी न घेता, मुभा आहे. भागवाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे माहिती भरायची असते आणि ते काम सनदी लेखापाल सांभाळतात. शिवाय परदेशी भागीदाराचे नाव कागदावर दिसले की कर्जाच्या बोलणीत शाखाधिकाऱ्याचा सूरच बदलतो. परवानाधारकाच्या वाट्याला हे सुख येत नाही.

माझा निर्णय मात्र भागधारक करारातील एका यादीने केला. २५ टक्क्यांहून अधिक भाग ज्याच्या हाती, तो कंपनीचा विशेष ठराव (ज्याला किमान तीन-चतुर्थांश मते लागतात) अडवू शकतो, हे आपण गृहीत धरलेलेच असते. ‘पूर्वसंमतीच्या बाबी’ नावाची, भागीदाराने आधी होकार दिल्याशिवाय न करता येणाऱ्या गोष्टींची ही यादी त्याच्याही पुष्कळ पुढे जाते. अंदाजपत्रकाबाहेरची यंत्रखरेदी, नव्या ग्राहकाला द्यायची उधारी, वेतनकरार, एवढेच नव्हे तर आमच्या करारात कामगारांची सणाची उचलही तिच्यात होती. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात, आणि युरोपातील कार्यालये ऑगस्टभर सुटीवर असतात. पैसे बँकेत पडून आहेत, माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचा) बाजार तोंडावर आला आहे, आणि संमती देणारा गृहस्थ सुटीवर आहे, असा प्रसंग आमच्याकडे एकाहून अधिक वेळा आला. यात उद्धटपणा कोणाचाच नव्हता. चवथ म्हणजे काय हे सविस्तर कळवल्यावर तेथील अधिकाऱ्याने अगत्याने उत्तर दिले. पण पुढच्या सणापर्यंत त्याची बदली झाली होती आणि नव्या अधिकाऱ्याला सारे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले. काहींना हे क्षुल्लक वाटेल. पण ज्या मालकाला आपल्याच कामगारांसमोर ‘वरून होकार यायचा आहे’ असे सांगावे लागते, त्याच्या शब्दाला कारखान्यात पुढे फारसे वजन उरत नाही, हा माझा अनुभव आहे.

कारखाना बंद करण्याचा निर्णयही असाच दुरून येतो. फोर्डने ऑक्टोबर २०१९ मध्ये महिंद्राबरोबर संयुक्त उपक्रम जाहीर केला, ३१ डिसेंबर २०२० रोजी तो सोडून दिला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील मोटारनिर्मितीच थांबवत असल्याचे सांगितले. साणंदचा कारखाना पुढे टाटांच्या कंपनीने सुमारे ७२५ कोटी रुपयांना घेतला. याउलट हार्ले-डेव्हिडसनने २०२० मध्ये हरियाणातील बावलचा स्वतःचा कारखाना बंद करायचे ठरवले, पण हिरो मोटोकॉर्पला परवाना दिला, आणि २०२३ मध्ये हार्लेच्याच नावाची एक्स ४४० ही मोटरसायकल हिरोने बाजारात आणली. मोठ्यांचे गणित आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाही, तरी परक्याचे धोरण बदलले तेव्हा काय टिकले, हे यावरून दिसते.

परवान्याचे जाच वेगळे आहेत. अगदी अलीकडचे तंत्रज्ञान बहुधा मिळत नाही, निर्यातीच्या देशांवर बंधन असते आणि मंदीच्या वर्षीही किमान रॉयल्टी भरावीच लागते. अनिवासी कंपनीला दिलेल्या रॉयल्टीवरील आयकराचा दर २०२३ मध्ये १० वरून २० टक्के झाला. जर्मनीसारख्या देशाशी असलेल्या करारामुळे तो १० टक्क्यांवर राहू शकतो, पण त्यासाठी समोरच्या कंपनीने करनिवासाचा दाखला (ती कंपनी करासाठी त्या देशाची रहिवासी असल्याचा) वेळेवर पाठवावा लागतो. आणि कर आपणच सोसायचा असे कलम असेल, तर त्या दाखल्याच्या दिरंगाईचा भुर्दंड आपल्यालाच पडतो. हे त्रासदायक खरे, परंतु आकडा आधी कळतो आणि विक्रीच्या किमतीत बसवता येतो.

वेर्ण्यातील औषधनिर्मितीसारख्या व्यवसायात, जिथे भांडवल अफाट लागते आणि भागीदार परदेशातील खरेदीची लेखी हमी देतो, तिथे संयुक्त उपक्रम कदाचित अधिक शहाणपणाचा ठरेल. इतरांनी, माझ्या मते, परवान्याचा मसुदा आधी मागवावा आणि त्यातील दोन कलमे वकिलाकडून नीट तपासून घ्यावीत: साचे व गेज (मोजमाप तपासायची साधने) कोणाच्या मालकीचे राहणार, आणि मुदत संपल्यावर हातातील मागण्या पुऱ्या करायला किती महिने मिळणार.