आरसिंक आठ महिने वापरून: वेगाची तक्रार मागे, टक्क्यांची कायम

आरसिंक म्हणजे फायली दुसऱ्या डिस्कवर किंवा मशीनवर कॉपी करणारा, फक्त बदल पाठवणारा प्रोग्राम. तो चालू असताना पडद्यावर ९७ टक्के, पाच मिनिटांनी ८१. कॉपी मागे जात नसते. ३.० आवृत्तीपासून आरसिंक फायलींची पूर्ण यादी आधी करत नाही; नवं फोल्डर सापडलं की एकूण बेरीज वाढते आणि एकूण प्रगती दाखवणाऱ्या --इन्फो=प्रोग्रेस२ चा टक्का घसरतो. ओळीच्या शेवटी 'आयआर-सीएचके' आहे तोवर मोजणी चालू समजायची, 'टीओ-सीएचके' आलं की यादी पूर्ण. घसरण नको असेल तर पूर्ण यादी आधी करायला लावणारं --नो-इन्क-रिकर्सिव्ह द्या. मग सुरुवातीला बराच वेळ काहीच हलत नाही आणि लाखो फायली असतील तर रॅमही जास्त जाते. मूळ ठिकाणी नसलेल्या फायली कॉपीनंतर पुसणारं --डिलीट-आफ्टर लावलं तर यादी आपोआप आधीच होते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

एवढं करूनही रोजच्या बॅकअपमध्ये काम ४ टक्क्यांवरच संपतं! न बदललेल्या फायली एकूण आकारात धरतात, झालेल्या कामात धरत नाहीत. त्यामुळे टक्का सोडा, 'टीओ-सीएचके'मधला पहिला आकडा, म्हणजे तपासायच्या उरलेल्या फायली, शून्याकडे जातोय का ते बघा.

वेगाचा आकडाही तसलाच. मोठ्या फायलीचा थोडाच भाग बदलला असेल तर १ जीबीपीएसच्या (सेकंदाला १ गिगाबिट) लाइनवर सेकंदाला ३०० एमबी (मेगाबाइट) दिसू शकतात, कारण जुन्या फाइलमधून जुळवलेला डेटाही त्यात येतो. फायलींतला नवा डेटा खरोखर किती पाठवावा लागला ते --स्टॅट्समधल्या (शेवटी आकडेवारी छापणारा पर्याय) 'लिटरल डेटा'त कळतं. शेवटचं 'स्पीडअप' म्हणजे वेग नव्हे, एकूण आकार भागिले पाठवलेले-मिळालेले बाइट.

सुरुवातीला मत होतं की आरसिंकच मंद आहे. ते मागे. आधी नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ३ चालवा, -आर देऊन उलट दिशेनेही. ९४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), म्हणजे सेकंदाला साधारण ११७ एमबी, येत असतील आणि आरसिंक ३५ एमबीवर अडलं असेल तर नेटवर्कला बोल लावू नका. प्रोसेसरवरचा भार दाखवणाऱ्या टॉपमध्ये एकच कोअर १०० टक्के दिसला की -झेड (कॉम्प्रेस करून पाठवण्याचा पर्याय) काढा; आतल्या नेटवर्कवर व्हिडिओ-फोटो कॉम्प्रेस करण्यात काही हशील नाही. कॉम्प्रेशन हवंच असेल तर ३.२ मध्ये एलझेड४ आणि झेडएसटीडी या वेगवान पद्धती आहेत, पण दोन्ही टोकांना ३.२ किंवा नंतरची आवृत्ती लागते. कोअर रिकामा असेल तर आयोस्टॅट -एक्स १ लावून डिस्कचा 'अवेट' (प्रत्येक वाचन-लेखनाला लागणारा वेळ) बघा. बारीक फायलींचा ढीग असला की दोष बहुधा तिथेच निघतो.

वेगावर मर्यादा घालणारं --बीडब्ल्यूलिमिट=१०० म्हणजे १०० एमबीपीएस नव्हे, सेकंदाला १०० किबीबाइट (१०२४ बाइटचा एक). १०० एमबीपीएसच्या आत राहायचं तर ११एम लिहा. एनएफएस माउंटवर (नेटवर्कवरची डिस्क आपल्याच मशीनची असल्यासारखी जोडलेली) --नो-होल-फाइल (फाइलचा फक्त बदललेला भाग पाठवायला लावणारा पर्याय) लावू नका, जुनी फाइलही नेटवर्कवरूनच वाचली जाते.

लांबच्या सर्व्हरला खोडा एसएसएचचा, म्हणजे आरसिंक ज्या सुरक्षित जोडणीतून जातं तिचा. ओपनएसएसएच या नेहमीच्या एसएसएच प्रोग्रामची चॅनेल विंडो, म्हणजे पोच यायच्या आधी पाठवता येणारा डेटा, २ एमबीची आहे. आरटीटी (जाऊन-येऊन लागणारा वेळ) १०० मिलिसेकंद असेल तर लाइन कितीही रुंद असो, सेकंदाला २० एमबीच्या वर जात नाही. जोडण्यांचा तपशील देणाऱ्या एसएस -टीआय मध्ये रिट्रान्समिट (पुन्हा पाठवावे लागलेले तुकडे) जवळजवळ शून्य आणि वेग तेवढ्यावरच थबकलेला असेल, तर हेच कारण समजा. वेगवेगळ्या फोल्डरांवर चार आरसिंक एकदम सोडले की लाइन भरते. मात्र मग पडद्यावर चार वेगवेगळ्या टक्केवाऱ्या चार ठिकाणी पळतात आणि एकूण किती झालं ते कुठेच दिसत नाही. समोरच्या मशीनवर डीएफ (डिस्कची वापरलेली जागा दाखवणारी आज्ञा) चालवूनच अंदाज घ्यावा लागतो.